सकरचं पोट फुगलंय? औषधाआधी आत काय भरलंय ते बघा

प्रश्न: आमच्याकडे २४ × १२ × १५ इंचांची टाकी आहे. तीत ८ मॉली आणि ५ इंचांचा एक सकर (तोंडाने काचेला चिकटणारा कॅटफिश). गेले ६ दिवस सकरचं पोट टम्म फुगलंय. काचेला चिकटतो, पण सारखा वर जाऊन हवा घेतो. २ दिवसांपासून खात नाही, मागे पांढरा दोरा लोंबतो. मॉलींना दिवसातून दोनदा लाल दाणे टाकतो, खाली पडेल ते सकर खातो. कधी भाताची शितंही टाकतो. पाणी बोअरचं, थर्मामीटर ३३ दाखवतो. दुकानदाराच्या सांगण्यावरून मूठभर खडे मीठ टाकलं. आता तो टेट्रासायक्लिनची कॅप्सूल टाका म्हणतो, आणि एक मित्र म्हणतो हीटर लावून पाणी आणखी गरम करा. काय करू?
– एक वाचक, सावदा (ता. रावेर)

उत्तर: भाऊ, कॅप्सूल टाकू नका, हीटर लावू नका, मीठही आता पुरे. आज रात्रीपासून सकरचं खाणं बंद करा आणि टाकीवर पंखा लावा. एवढं करून मग पुढचं वाचा.

पोट फुगणं हे फक्त लक्षण आहे. आत न पचलेलं खाणं असू शकतं, हवा असू शकते, पाणी साठलेलं असू शकतं, जंत असू शकतात, एखादी गाठ असू शकते. बाहेरून सगळ्यांचं पोट सारखंच टम्म दिसतं, पण इलाज वेगवेगळे आहेत. त्यामुळे आधी माशाकडे नीट बघायचं. सकरच्या बाबतीत ते सोपं आहे. काचेला चिकटला की त्याचं पोट थेट समोर येतं, हात लावायचीही गरज नाही. काचेवर बाहेरून एक फुटपट्टी चिकटवा आणि रोज रात्री एकाच वेळी मोबाइलवर दोन फोटो काढा, एक पोटाचा आणि एक वरून. नुसत्या आठवणीवर राहिलात तर पोट उतरतंय की वाढतंय हे तिसऱ्या दिवशी सांगता येत नाही.

गोल्डफिशच्या पोटात पाणी झालं की खवले कणसाच्या दाण्यांसारखे उभे राहतात आणि लगेच कळतं. ही खूण सकरमध्ये शोधू नका. त्याच्या अंगावर खवले नसतात, हाडांच्या ताटल्या असतात, त्या उभ्या राहत नाहीत. कोरीडोरस या छोट्या कॅटफिशचंही तसंच. शार्क म्हणून विकल्या जाणाऱ्या पंगासचं तर अंगच उघडं. म्हणून कॅटफिशमध्ये चार जागा बघायच्या: पोटाचा रंग, डोळे, गुदद्वार आणि तरंगण्याची पद्धत.

पोट दोन्ही बाजूंनी सारखं फुगलेलं, रंग नेहमीचा, मासा काच धरून बसतो, हात नेला की झटकन पळतो, तर बहुधा आत खाणं अडकलंय किंवा हवा भरलीय. हवा जास्त असेल तर शेपटीकडचा भाग वर उचलला जातो आणि त्याला तळाशी टिकून राहायला कष्ट पडतात. पोटाची त्वचा ताणून चकचकीत झालीय, तिच्यावर लालसर डाग किंवा रेषा आहेत, डोळे बाहेर आलेत, गुदद्वार सुजून बाहेर आलंय आणि मासा जडपणे एका कोपऱ्यात पडून आहे, तर आत पाणी साठतंय. हे गंभीर आहे. पोट मोठं पण पाठ आणि डोकं वाळलेलं, डोळे खोबणीत गेलेले, तर जंत किंवा बऱ्याच दिवसांची उपासमार. गुदद्वारातून बारीक लाल दोरे डोकावत असतील तर ते कॅमॅलॅनस नावाचे जंत. फुगवटा एकाच बाजूला असेल तर गाठ किंवा गिळलेला खडा. अंड्यांची शंका तुमच्या सकरबद्दल घ्यायला नको. ५ इंचांचा सकर अजून वयात आलेला नसतो, आणि ही जात तळ्याच्या काठात बीळ खोदून अंडी घालते. कोरीडोरसची मादी मात्र अंड्यांनी चांगलीच गोल होते, आणि खाणंपिणं नेहमीसारखं असेल तर तिला काहीही करायचं नसतं.

पांढऱ्या दोऱ्यामुळे घाबरू नका. आतड्यात अन्न पुढे सरकलं नाही की नुसता चिकट स्राव बाहेर पडतो, तो पांढरा दिसतो. २ दिवस न खाणाऱ्या माशात तो दिसणारच. निरोगी सकरची विष्ठा लांब, तपकिरी किंवा हिरवट, न तुटणारी असते. खाणं पुन्हा सुरू झाल्यावरही आठवडाभर पांढराच दोरा येत राहिला तर जंतांचा किंवा आतड्यातल्या परजीवींचा विचार करायचा, आज नाही.

तुमच्या पत्रावरून आमचा अंदाज असा: पोटात खाणं अडकलंय, त्यात हवा भरलीय, आणि दोन्हीला उन्हाळ्याने हातभार लावलाय. सकर शेवाळ आणि तळाचा गाळ खरवडून खाणारा प्राणी. त्याचं आतडं अंगाच्या कितीतरी पट लांब, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. कमी कसाचं, तंतुमय अन्न हळूहळू पुढे सरकवण्यासाठी. रंग खुलवणारे लाल दाणे मॉलींसाठी ठीक आहेत, पण त्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर, चोथा नावाला. त्यावर भाताची शितं. पिठूळ अन्न पोटात फुगतं, आंबतं आणि वायू धरतं. सकर पडलेलं खाऊन टाकी साफ ठेवतो हा समज दुकानातून घरोघरी गेलाय, आणि पोट फुगलेल्या बहुतेक सकरांच्या मागे तोच असतो.

हवेचं गणित वेगळं आहे. पाण्यात प्राणवायू कमी पडला की सकर वर येऊन हवा गिळतो आणि जठराच्या पातळ भिंतीतून प्राणवायू शोषून घेतो. कोरीडोरस हेच काम आतड्याच्या मागच्या भागाने करतो. २५ अंशांना पाण्यात दर लिटरला सुमारे ८.२ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, ३३ अंशांना ७.२. फरक छोटा वाटतो, पण गरम पाण्यात माशाची भूक आणि श्वासाची गरज बरीच वाढते, आणि तळाला कुजणारे दाणेही तोच प्राणवायू खातात. मग हवा गिळणं वाढतं आणि आधीच अडलेल्या पोटात ती साठते.

हीटरचा सल्ला थंड प्रदेशातला आहे. तिथे पाणी २२ अंशांवर असतं, ते २६–२७ पर्यंत नेलं की पचन सुधारतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४–४५ अंश असताना तुमच्या सकरला उलट ५–६ अंश खाली उतरवायची गरज आहे. त्याला २४ ते २८ अंश मानवतात.

खान्देशातल्या कोरड्या उन्हाचा एक फायदा आहे, तो घ्या. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाका आणि टेबल पंख्याचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा सोडा. बाष्पीभवनाने पाणी २ ते ४ अंश उतरतं. पावसाळ्यात दमट हवेत हे एवढं चालत नाही, आता चालेल. त्यावरही कमी पडलं तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत बर्फ करून ती बंद बाटली टाकीत तरंगत ठेवा. तुमच्या टाकीत एका बाटलीने साधारण १ अंश उतरेल. ३–४ तासांत १–२ अंशांपेक्षा जास्त घाई करू नका. हवेचा पंप दिवसरात्र चालू, शक्य तर बुडबुडे सोडणारे दोन हवेचे दगड लावा. भारनियमन असेल तिथे बॅटरीवर चालणारा पंप घेऊन ठेवा. तासन्‌तास बंद पडलेल्या फिल्टरमधले उपयोगी जिवाणू उन्हाळ्यात फार लवकर मरतात आणि मग अमोनिया चढतो.

अमोनियाचं मुद्दाम सांगतो, कारण बोअरच्या पाण्याचा पीएच बहुधा ८ च्या आसपास असतो. पीएच ८ आणि २५ अंश असताना एकूण अमोनियातला शेकडा ५ भाग विषारी रूपात असतो. ३३ अंशांना तो शेकडा ९ च्या घरात जातो. म्हणजे तोच कचरा, तेच मासे, पण विष जवळपास दुप्पट. टेस्ट किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नायट्रेट दर लिटरला ४० मिलीग्रॅमच्या खाली. बोअरचं पाणी टाकीत घालण्याआधीही एकदा तपासा. केळीच्या पट्ट्यात ठिबकमधून युरिया जातो, आणि बोअरमध्येच नायट्रेट असेल तर कितीही पाणी बदला, आकडा खाली येणार नाही. तसं निघालं तर निम्मं आरओचं पाणी मिसळत जा. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी मात्र फक्त आरओच्याच पाण्याने भरा. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. दर वेळी बोअरचं घातलं की टाकीतलं पाणी जड होत जातं.

आज ३० टक्के पाणी बदला, त्याच तापमानाचं. खडी सायफनने नीट ओढा, तळाची शितं आणि दाणे काढा. नळी तोंडाने ओढू नका. पाणी बदललं की मिठाचा भागही आपोआप कमी होईल. मूठभर मिठाने त्याला इजा झालेली नाही, पण पोट साफ व्हायला साध्या मिठाचा काही उपयोग नाही.

त्यासाठी लागतं एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. कपाशीवर लाल्या आला की फवारतात तेच. पण कृषी केंद्रातली पिशवी आणू नका. खतात इतर अन्नद्रव्यं मिसळलेली असू शकतात. मेडिकलमधून साधं, बिनवासाचं, बिनरंगाचं घ्या. हा उपचार वेगळ्या टबात करा. ३०–४० लिटरचा प्लास्टिकचा नवा टब, साबण न लावता नुसत्या पाण्याने धुतलेला. त्यात टाकीतलंच पाणी, टाकीतल्या फिल्टरचा स्पंज आणि लपायला ३ इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा. ठिबकच्या दुकानात तुकडे पडलेले असतात, कडा घासून घ्या. टबावर वजन ठेवलेली जाळी हवी, सकर रात्री उडी मारतो.

त्याला पकडताना जाळं वापरू नका. परांचे काटे जाळ्यात अडकतात, सोडवताना पर फाटतो आणि फुगलेल्या पोटावर दाब येतो. पाण्यातच प्लास्टिकच्या डब्यात हाकला आणि डब्यासकट उचला.

मात्रा दर २० लिटरला १ सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून तासाभरात तीन वेळा थोडं थोडं ओता. २४ तासांत विष्ठा झाली नाही तर आणखी तेवढंच. त्यापुढे वाढवायचं नाही. टबातलं पाणी रोज एक चतुर्थांश बदला आणि जेवढं नवं पाणी घातलं तेवढ्याचंच सॉल्ट घाला. टाकीच्या पूर्ण आकाराचा हिशेब धरण्याची चूक इथे नेहमी होते. तुमची टाकी कागदावर ७० लिटरची आहे, पण वरची २ इंच मोकळी जागा आणि तळाची २ इंच खडी सोडली तर पाणी भरतं जेमतेम ५२ लिटर. टबाचंही तसंच, बादलीने मोजून भरा.

पहिले ३ दिवस काहीही खायला घालू नका. ५ इंचांचा सकर आठवडाभर उपाशी राहू शकतो. मॉलींना टाकीत चिमूटभर, एकदाच. चौथ्या रात्री दिवा मालवल्यावर सकरला एक मटार द्या: २–३ मिनिटं उकळून, साल काढून, चेपून. मे महिन्यात ताजा मिळणार नाही, फ्रोझन चालतो. तो खाल्ला तर पाचव्या रात्री काकडीची अर्ध्या इंचाची चकती, २ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून, स्टीलच्या चमच्याला टोचून तळाशी. साल काढा, आणि आधी स्वतः चाखा. कडू काकडी टाकू नका. सकाळी उरलेलं बाहेर. त्या दिवशी तपकिरी-हिरवी विष्ठा दिसली आणि फोटोत पोट उतरलेलं दिसलं की काम झालं. पुढच्या दोन दिवसांत पाणी बदलत सॉल्ट उतरवा आणि त्याला टाकीत परत सोडा.

पाचव्या दिवशीही पोट तसंच असेल, किंवा मध्येच डोळे बाहेर आले, पोट लाल झालं, तर आपला अंदाज चुकला आणि आत पाणी साठतंय असं धरा. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात कल्ल्यांतून आणि त्वचेतून पाणी सतत शिरत असतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर फेकत असतात. जिवाणूंनी, बहुतेक वेळा एरोमोनासने, मूत्रपिंडं निकामी केली की पाणी आतच साचतं. इथे प्रतिजैविक लागतं, पण तुमच्या दुकानदाराच्या पद्धतीने नाही. टेट्रासायक्लिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला चिकटतं. बोअरच्या जड पाण्यात ती कॅप्सूल टाकली की औषध क्षारांना जखडून बसतं, माशात फार थोडं शिरतं. एप्सम सॉल्ट घातलेल्या पाण्यात तर आणखीच कमी. उलट फिल्टरमधल्या जिवाणूंना त्रास होतो आणि अमोनिया चढतो. हे औषध खाण्यातून जायला हवं. याच गटातल्या ऑक्सिटेट्रासायक्लिनची मात्रा माशाच्या दर किलो वजनाला दिवसाला ५५ ते ८० मिलीग्रॅम, १० दिवस. तुमचा सकर ३० ग्रॅमचा धरला तर दिवसाला फक्त २ मिलीग्रॅम. २५० मिलीग्रॅमच्या कॅप्सूलमधून एवढं वेगळं काढणं घरच्या चमच्याने होत नाही, म्हणून ते पशुवैद्यकाकडून खाद्यात मिसळून घ्या. मासा खातच नसेल तर कोणतं औषध पाण्यातून द्यायचं हेही त्यांनाच ठरवू द्या. या अवस्थेतले थोडेच मासे वाचतात, हे तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं. सुईने पोट टोचून पाणी काढायचा प्रयोग कुणीही सांगितला तरी करू नका.

मासा आडवा पडून नुसता धापा टाकतोय, सुधारणा नाही, अशी वेळ आलीच तर त्याला तसं तळमळत ठेवू नका. लवंगेचं तेल बाटलीत कोमट पाण्यासोबत पांढरं होईपर्यंत हलवा, दर लिटरला ०.४ मिलीलिटर या हिशेबाने वेगळ्या डब्यात घाला आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही त्याला अर्धा तास त्यात राहू द्या. या काळात हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. माशांचे काही जिवाणू माणसाच्या कातडीतही शिरतात.

लाल जंत दिसले तर औषध लेव्हामिसोल, शेळ्यामेंढ्यांना देतात तेच. दर लिटर पाण्याला २ मिलीग्रॅम, २४ तास, टाकीवर अंधार करून, कारण उजेडात ते निकामी होतं. मग तळ ओढून निम्मं पाणी बदला आणि ३ आठवड्यांनी पुन्हा एकदा. इथे उपचार टबात नाही, सगळ्या टाकीला करायचा; मॉलींकडेही जंत असू शकतात. बाटलीवरची तीव्रता कंपनीगणिक वेगळी असते, पशुवैद्यकाकडून मिलीलिटर काढून घ्या.

सकर बरा झाला की त्याचं ताट वेगळं मांडा. आठवड्यातून ४ रात्री भाजी: काकडी, दुधी किंवा गिलक्याची सोललेली चकती. २ रात्री शेवाळाची बुडणारी गोळी, १ रात्र उपास. बाजारातल्या भाजीवरची फवारणी माशाला माणसापेक्षा फार लवकर लागते, म्हणून साल ठेवूच नका. शेतात फवारणी करून आलात तर त्याच हातांनी टाकीत हात घालू नका, आणि हवेचा पंप मच्छरच्या मशीनजवळ ठेवू नका. खोलीतली हवा तो सरळ पाण्यात ढकलतो. कुरतडायला टाकीसाठी विकत मिळणारं वाळलेलं लाकूड द्या, शेतातलं निंबाचं नको. दाण्यांचा डबा फ्रीजमध्ये ठेवा. ४५ अंशांच्या खोलीत त्यातली चरबी खवट होते आणि खवट दाणा पोट बिघडवतोच. छोटं पाकीट घ्या, २–३ महिन्यांत संपवा.

एक गोष्ट मात्र तुम्हाला ठरवावीच लागेल. हा मासा फूटभराच्या वर वाढतो, २ फुटी टाकीत तो वर्षभरात मावणार नाही. तेव्हा त्याला मोठ्या टाकीवाल्याकडे द्या किंवा दुकानात परत करा. सुकी किंवा तापी नदीत सोडू नका. दक्षिण अमेरिकेतली ही जात भारतातल्या अनेक पाण्यांत आधीच ठाण मांडून बसलीय, काठ पोखरते आणि आपल्या माशांचं शेवाळ खाऊन टाकते.